ठिणगीचा पंचनामा

दिवाळीत पत्र्याच्या पिस्तुलात टिकल्यांची गुंडाळी भरून ‘फट्’ असा आवाज काढला नाही, असा माणूस आपल्याकडे विरळाच. त्या टिकलीला काडी लावावी लागत नाही, तिला वात नसते. घोडा आदळला की ती पेटते. आणि परतीचा पाऊस लांबून हवा सर्द झाली, की तीच टिकली मुकाट्याने चपटी होते आणि आवाज काढत नाही. आघाताने पेटणे आणि ओलीने रुसणे, हे टिकलीचे दोन्ही गुण तिच्या थोरल्या, धोकादायक भावंडात आहेत. ते भावंड म्हणजे रायफलच्या काडतुसाचा प्रायमर.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडाशी बसवलेली गोळी, पोटातली दारू आणि बुडाशी मधोमध दाबून बसवलेली धातूची चिमुकली वाटी. ही वाटी म्हणजे प्रायमर. मोठ्या रायफलच्या प्रायमरचा व्यास जेमतेम ५.३ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाहूनही लहान. फायरिंग पिन तिच्यावर आपटली की आतले मिश्रण पेटते, त्याची ज्वाळा भोकातून दारूपर्यंत जाते आणि बार होतो. आपल्याकडे ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी या वाटीच्या पूर्वजाला ‘केप’ किंवा ‘टोपी’ म्हणत आले आहेत.

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. अमेरिकेत स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी नेमबाजीचा शौकीन आहे आणि तिकडच्या हजारो नेमबाजांप्रमाणे वापरलेल्या पुंगळ्या हाताने पुन्हा भरतो. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे हा छंद इथे रुजलेला नाही.) मधूनमधून तो मला उडालेल्या प्रायमरची छायाचित्रे पाठवतो आणि कारण विचारतो. या छंदातल्या मंडळींकडे दोषांची एक ठरलेली यादी असते. प्रायमर पूर्ण खाली बसला आहे का? त्याला तेलकट बोट लागले का? सैन्याच्या जुन्या मालात मीठ सोडणारा प्रायमर तर नाही ना? उडाल्यावर तो चपटा झाला, बाहेर आला, की त्याला भोक पडले?

ही यादी मी हळूहळू इतिहासाचे साधन म्हणून वाचू लागलो. किल्ल्याच्या तटात जसे वेगवेगळ्या राजवटींचे थर दिसतात, तसे तिच्यात काळाचे थर दिसतात. प्रत्येक ओळीमागे कुठेतरी न उडालेला बार आहे, गंजून गेलेली नळी आहे, क्वचित माणसांचे प्राण आहेत. हे दोष शोधताना पहिला संशय बहुधा भलत्याच ठिकाणी गेला, आणि खरा दोषी सापडायला कधी कधी पिढी गेली. या लेखात तो तपास मांडायचा आहे.

रंजक, पाद्री आणि पाऊस

तोड्याच्या बंदुकीत पेटता तोडा आणि चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी, दोहोंचे काम एकच: नळीच्या बाजूला कानाजवळच्या वाटीत ठेवलेली बारीक दारू, म्हणजे रंजक, पेटवणे. रंजकीची आग कानातून आत जाई आणि मग मुख्य बार उडे. या रचनेत तीन खोडी होत्या. रंजक उघड्यावर असल्याने ती भिजे आणि वाऱ्याने उडे. ती भडकली तरी आग आत पोचेलच याची खात्री नसे. आणि रंजक भडकणे व बार उडणे यांत डोळ्यांना कळेल इतका वेळ जाई.

यातली तिसरी खोडी पक्ष्यांनी ओळखली होती. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा पाद्री अलेक्झांडर जॉन फॉर्साइथ याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकीचा भडका दिसताच पक्षी बुडी मारत आणि गोळी मागाहून येई. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मर्क्युरी फल्मिनेट या पाऱ्याच्या स्फोटक संयुगाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. ते आघाताने पेटते. मुख्य दारू म्हणून मात्र ते निरुपयोगी होते, कारण गोळी ढकलण्याऐवजी ते नळीच फोडी. फॉर्साइथची खरी सूझ इथे दिसते. बाराची ताकद दारूकडेच ठेवून फल्मिनेटकडे फक्त ठिणगीचे काम द्यायचे, हे त्याने ओळखले. १८०७ मध्ये त्याने आपल्या आघाती चापाचे पेटंट घेतले.

या पाद्र्याची गोष्ट आपल्या इतिहासाला एका ठिकाणी स्पर्श करते. १८०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये प्रयोग करण्यासाठी त्याला बोलावून घेणारा युद्धसाहित्य खात्याचा प्रमुख होता लॉर्ड मॉयरा. पुढच्या वर्षी मॉयराची जागा लॉर्ड चॅटमने घेतली आणि फॉर्साइथला आपले सामान आवरून जायला सांगितले. हाच मॉयरा पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि लॉर्ड हेस्टिंग्ज या नावाने ओळखला गेला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली ती त्याच्याच कारकिर्दीत. म्हणजे नव्या ठिणगीचे महत्त्व सर्वांआधी ओळखणाऱ्या या माणसाने मराठ्यांशी शेवटचे युद्ध चकमकीच्या बंदुका घेतलेल्या फौजेनिशी केले. त्याने टॉवरमध्ये लावलेले रोप तोवर सरकारी उपेक्षेत पडून होते.

फॉर्साइथच्या चापात फल्मिनेटची सुटी भुकटी वापरली जाई. पुढच्या दीड दशकात ती तांब्याच्या इवल्याशा टोपीत बंद झाली आणि ही टोपी बंदुकीच्या पोकळ बोंडावर बसवली जाऊ लागली. या टोपीच्या जनकत्वावर अनेकांनी हक्क सांगितला. अमेरिकेत जाऊन राहिलेला जोशुआ शॉ हा चित्रकार त्यांपैकी एक. वादाचा निकाल काही लागो, उपयोगाविषयी शंका उरली नव्हती. १८३४ मध्ये इंग्लंडमधल्या वूलिच इथे दोन्ही तऱ्हांच्या बंदुकांची चाचणी झाली. प्रत्येकीच्या ६,००० बारांपैकी चकमकीच्या बंदुकीचे ९२२ फुकट गेले आणि टोपीच्या बंदुकीचे ३६. साध्या हिशेबात, चकमकीची बंदूक दर साडेसहा बारांना एकदा दगा देई, तर टोपीची सुमारे १६६ बारांना एकदा.

कागदावरच्या या आकड्यांचा अर्थ ३० मे १८४१ रोजी चीनमधल्या कॅंटन शहराबाहेरच्या भातखाचरांत कळला. पहिले अफूयुद्ध चालू होते. ३७ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक तुकडी मुसळधार पावसात मुख्य फौजेपासून तुटली आणि गावकऱ्यांच्या मोठ्या जमावाने तिला घेरले. शिपायांच्या हाती चकमकीच्या बंदुका. रंजक भिजलेली, एक बार उडेना. त्यांनी चौकोन करून संगिनींवर जमाव थोपवून धरला. त्यांच्या शोधासाठी पाठवलेल्या गोऱ्या मरीन सैनिकांकडे टोप्यांच्या बंदुका होत्या आणि त्या त्याच पावसात उडत होत्या. तुकडी सुटली ती त्यामुळे. वूलिचच्या चाचणीला तेव्हा सात वर्षे झाली होती. नवी टोपी आधी कोणाला द्यायची आणि कोणाला मागाहून, हा निर्णय रसायनशास्त्राचा नव्हता, हे मला इथे नोंदवावेसे वाटते.

आजच्या यादीतली ‘प्रायमर कोरड्या जागी, मूळ खोक्यातच ठेवा’ ही ओळ या पहिल्या थरातली. टोपीने पाऊस बाहेर ठेवला, पण ओलीचा धोका संपवला नाही. तो फक्त भरणाऱ्याच्या टेबलापर्यंत मागे हटवला.

ऐरण कोणाकडे?

टोपी आली तरी बंदूक तोंडाकडूनच भरली जात होती. पुढची पायरी होती दारू, गोळी आणि टोपी यांना एकाच पुंगळीत बांधण्याची. १८६६ साली हे काम दोन माणसांनी दोन तऱ्हांनी तडीस नेले. अमेरिकेत हायरम बर्डन याने ऐरण पुंगळीतच घडवली. प्रायमर बसतो त्या खळग्याच्या तळाशी एक उंचवटा आणि त्याच्या बाजूंना ज्वाळेसाठी बहुधा दोन बारीक भोके. वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचा प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर याने ऐरणीचा छोटा तुकडा प्रायमरच्या वाटीतच बसवला आणि पुंगळीला मधोमध एकच मोठे भोक ठेवले.

ऐरण लागते याचे कारण लोहाराला सांगावे लागणार नाही. नुसता हातोडा मारून काम होत नाही. खाली टणक आधार हवा. प्रायमरमधले मिश्रण पिनेचा मार आणि ऐरणीचे टोक यांच्यात चिरडले गेले तरच पेटते. वाटी खळग्यात पूर्ण खाली टेकली नसेल, तर पिनेच्या आघाताची शक्ती मिश्रण चिरडण्याऐवजी वाटी खाली सरकवण्यात खर्च होते आणि बार उडत नाही. त्याच काडतुसावर दुसऱ्यांदा घोडा पडला की ते निमूट उडते, कारण पहिल्या फटक्याने वाटी जागेवर बसवलेली असते. हाताने भरणाऱ्यांच्या यादीत ‘पहिल्या फटक्याला नाही, दुसऱ्याला उडाला’ या तक्रारीपुढे ‘प्रायमर नीट बसलेला नाही’ हे उत्तर सहसा पहिले असते. म्हणूनच अनुभवी माणूस भरलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवतो. प्रायमर कडेच्या पातळीपेक्षा केसभर खाली लागला पाहिजे, वर मुळीच नको. नवशिक्या मात्र दोष ‘खराब प्रायमर’ला देऊन मोकळा होतो. कारखान्यातून आलेला प्रायमर मुळातच खराब निघणे आज फार दुर्मीळ आहे.

बॉक्सर आणि बर्डन यांच्या बाबतीत दैवाने एक गंमत केली. इंग्रज बॉक्सरची रचना अमेरिकेत घरोघर पोचली आणि अमेरिकन बर्डनची युरोपातल्या सैन्यांनी उचलली. कारण सोपे आहे. मधोमध एकच भोक असले की आतून सुई घालून उडालेला प्रायमर बाहेर ढकलता येतो. बर्डनच्या पुंगळीत ती सुई ऐरणीवर अडते. ज्या देशात पुंगळी पुन्हा भरायची होती तिथे बॉक्सर टिकला, आणि जिथे ती एकदाच वापरून टाकायची होती तिथे बर्डन. १८८० च्या दशकात अमेरिकेच्या सीमेवरच्या लष्करी ठाण्यांत सरावाची काडतुसे शिपाईच पुन्हा भरत. आजच्या छंदाची एक मुळी तिथे आहे.

आपल्याकडेही याच सुमारास काडतुसांचा काळ सुरू झाला. १८५७ चा उठाव ज्या एनफिल्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून भडकला, ती काडतुसे कागदाची होती आणि टोपी वेगळी होती. पुंगळी, दारू आणि टोपी एकत्र आल्यावर दात लावून कागद फाडण्याचा प्रश्नच उरला नाही. मग १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांची फौज इंग्रजांशी लढली ती याच खडकीच्या माळावर. दोन घटनांमध्ये बावन्न वर्षांचे अंतर आहे आणि त्या अवधीत शस्त्रविद्येचे स्वरूप पार पालटले होते. काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांपासून गावोगावी तयार होत असे. टोपीसाठी मात्र पत्र्याचे दाबयंत्र, आम्ले, पारा आणि काटेकोर हात लागत. दारू घरची असू शकत होती, ठिणगी कारखान्याचीच असावी लागली.

चोर सोडून संन्याशाला

आता तपासाच्या सर्वांत गोंधळलेल्या टप्प्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत काळ्या दारूची जागा बिनधुराच्या दारूने घेतली. नेमबाज खूश झाले. धुराचा लोट नाही, नळीत काळा चिकटा नाही. पण लवकरच दोन विचित्र तक्रारी येऊ लागल्या. एक म्हणजे पुन्हा भरलेल्या पुंगळ्या काचेसारख्या तडकू लागल्या. दुसरी, स्वच्छ पुसून तेल लावून ठेवलेली नळी चार दिवसांत आतून गंजू लागली. दोन्ही गुन्ह्यांच्या वेळी नवखा असा एकच इसम हजर होता, बिनधुराची दारू. संशय तिच्यावर गेला यात नवल नाही.

पहिल्या गुन्ह्यातला चोर निघाला पारा. फल्मिनेट पेटले की पारा मोकळा होतो आणि पितळेत मुरून त्याला ठिसूळ करतो. तो आधीही मोकळा होतच होता. पण काळ्या दारूचा भरपूर चिकटा त्याला आपल्यात सामावून घेई आणि पुंगळी धुताना दोघेही वाहून जात. नवी दारू चिकटा सोडत नव्हती, त्यामुळे पाऱ्याला पितळ मोकळे सापडले. शतक सरता सरता अमेरिकन सैन्याने आपल्या रायफलच्या प्रायमरमधून पारा काढून टाकला.

दुसरा गुन्हा उलगडायला जास्त काळ लागला. बिनधुराच्या दारूतली आम्ले पोलादाच्या रंध्रांत शिरून बसतात आणि नंतर घामासारखी बाहेर येतात, असे जाणकार छातीठोकपणे सांगत. त्यावर तऱ्हेतऱ्हेची तेले निघाली. अखेर १९२२ साली अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्स या सरकारी खात्यातल्या विल्बर्ट हफ याने या गंजाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. दोषी दारू नव्हतीच. दोषी होते प्रायमरमधले पोटॅशियम क्लोरेट. ते जळताना ऑक्सिजन देते आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. हे आपल्या मिठाचे सख्खे चुलत भावंड. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसे या क्षाराला दमट हवेत पाणी सुटते आणि त्या खाऱ्या पाण्याखाली पोलाद गंजते. तेल मीठ विरघळवत नाही. उलट त्यावर पांघरूण घालते. त्यामुळे तेल लावूनही नळी आतून कुरतडली जात होती.

मग काळ्या दारूच्या काळात हा गंज इतका का बोचला नाही? प्रायमर तर तेव्हाही होता. उत्तर शिपायाच्या रोजच्या कामात सापडते. काळ्या दारूचा चिकटा पाण्यानेच निघतो, म्हणून प्रत्येक जण नळी पाण्याने धूत असे आणि नकळत मीठही धुऊन टाकत असे. दारू बदलली, नळी चकचकीत दिसू लागली, पाण्याची जागा तेलाने घेतली आणि जुन्या शहाणपणातला कामाचा भागही त्यासोबत गेला. रोग जुनाच होता. बंद झाला होता तो इलाज, आणि तो इलाज आहे हे कोणालाच माहीत नव्हते. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शिकवणारी गोष्ट वाटते. इंग्रज फौजेत मात्र ली-एनफिल्डच्या नळीतून उकळते पाणी ओतायची पद्धत होती. कारण पुरते उमगण्याआधीच उपाय हाती होता.

हा शोध लागूनही सैन्यांनी क्लोरेट लगेच सोडले नाही, आणि त्याला कारण होते. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हाच फिलाडेल्फियाच्या फ्रॅंकफर्ड आर्सेनलमधल्या काडतुसांचे बार फुकट जाऊ लागले, किंवा चाप ओढल्यावर क्षणभर थांबून उडू लागले. त्या प्रायमरच्या मिश्रणातल्या गंधकापासून आम्ल तयार होऊन ठिणगी मंदावत होती. घाईने विंचेस्टर कंपनीचे वेगळे मिश्रण स्वीकारले गेले. त्यात गंज आणणारे क्लोरेट होतेच. पण ते वर्षानुवर्षे साठवले तरी भरवशाने पेटे. लढणाऱ्या सैन्याने हिशेब केला, गंजलेली नळी बदलता येते, न उडालेला बार परत मिळत नाही. ‘एफए-७०’ या नावाने ते मिश्रण दुसरे महायुद्ध संपेपर्यंत आणि त्यापुढेही काही वर्षे चालले. अपवाद होता तो त्याच युद्धातल्या एम-१ कार्बाइनच्या काडतुसांचा. त्या बंदुकीतला वायूवर चालणारा दट्ट्या शिपायाने उघडून साफ करण्याजोगा नव्हता, म्हणून तिच्यासाठी पहिल्यापासून न गंजणारा प्रायमर वापरला गेला. ज्ञान होते, निवड हिशेबाने होत होती.

दरम्यान जर्मनीतल्या आरडब्ल्यूएस कंपनीने १९२८ मध्ये ‘सिनॉक्सिड’ हे लेड स्टिफ्नेटवर आधारलेले, पारा आणि क्लोरेट दोन्ही नसलेले मिश्रण बाजारात आणले. आजचे बहुतेक प्रायमर त्याच कुळातले. तरीही पूर्व युरोपातला जुना लष्करी माल आजही विकला जातो आणि त्यात क्लोरेट असते. ‘जुना लष्करी माल वापरला तर आधी पाण्याने धुवा, मग तेल लावा’ ही यादीतली ओळ हफच्या अभ्यासातून आलेली आहे.

पितळ तडकण्याच्या तपासाला एक हिंदुस्थानी पुरवणीही आहे. इथल्या इंग्रज फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत साठवली जात आणि पावसाळा सरताना न वापरताच त्यांच्या पुंगळ्यांना चिरा पडलेल्या दिसत. इंग्रजीत या प्रकाराला ‘मोसमी तडा’ अशा अर्थाचे नाव पडले. बार झालेलाच नव्हता, तेव्हा पाऱ्यावर आळ घेता येत नव्हता. १९२१ मध्ये उलगडा झाला. पुंगळी ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून हवेत मिसळणारा अमोनिया, हे दोन एकत्र आले की पितळ चिरते. उपाय म्हणजे पितळाला बेताची आच देऊन ताण घालवणे. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-तांबूस झाक दिसते ती या आचेची. पुंगळ्या वारंवार भरणारे छंदी लोक आजही तिची मान याच कारणासाठी तापवतात.

साक्षीदार की आरोपी?

गुन्ह्यांच्या तपासात कधी कधी आरोपी म्हणून धरलेला माणूस खरे तर एकमेव साक्षीदार निघतो. प्रायमरचे तसेच आहे. उडालेल्या प्रायमरचा चेहरा पाहून बंदुकीत काय घडले ते वाचता येते. मात्र वाचणाऱ्याला घाई नसावी.

माझ्या विद्यार्थ्याने एकदा पाठवलेल्या छायाचित्रात उडालेले प्रायमर पुंगळीच्या बुडाबाहेर किंचित डोकावत होते. प्रायमर बाहेर आला म्हणजे दाब फार झाला, असे कोणालाही वाटेल. घडते ते बहुधा उलट. बार होताना प्रायमर प्रथम मागे सरकून बोल्टला टेकतो. दाब पुरेसा असेल तर पाठोपाठ पुंगळीही मागे ढकलली जाते, किंवा ताणली जाते, आणि प्रायमर पुन्हा खळग्यात बसतो. दाब कमी असेल तर पुंगळीची भिंत चेंबरला चिकटून राहते, मागे येत नाही आणि प्रायमर बाहेरच राहतो. म्हणजे बाहेर आलेला प्रायमर हलक्या भरणीची आणि पुंगळी व बोल्ट यांच्यातल्या वाजवीपेक्षा जास्त मोकळ्या जागेची साक्ष देतो. अमेरिकन सैन्याच्या युद्धसाहित्य खात्यातले अधिकारी ज्युलियन हॅचर यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा कितीतरी कोड्यांची उकल केली. या छंदातली माणसे तो ग्रंथ आजही उशाशी ठेवतात.

चपटा झालेला प्रायमर जास्त दाबाची खूण असू शकतो. पण तीच जादा मोकळी जागा असेल तर बेताच्या दाबातही तो चपटा होतो. पिनेच्या खुणेभोवती ज्वालामुखीच्या तोंडासारखी कड उठली तर दाब तपासावा, आणि बोल्टमधले पिनेचे छिद्र प्रमाणापेक्षा मोठे आहे का तेही पाहावे. नवा प्रायमर खळग्यात सहज, सैल बसू लागला तर पुंगळीचे बूड अतिदाबाने पसरले आहे. ती पुंगळी कायमची बाद. उलट तो आत जायलाच तयार नसेल आणि पुंगळी लष्करी असेल, तर खळग्याची कड आत दुमडलेली असते. मशीनगनमध्ये प्रायमर निसटून यंत्रात अडकू नये म्हणून कारखान्यात ती दुमडतात. ती काढल्याशिवाय प्रायमर जोराने दाबला तर तो वाकडा होतो, आणि दाबणाऱ्याच्या हातातही पेटू शकतो.

पिनेची खूण उथळ असेल तर दोष प्रायमरचा नसून बोल्टमधली स्प्रिंग थकलेली किंवा जुने वंगण गोठलेले असण्याची शक्यता मोठी. उलट टोकाचा दोष स्वयंचलित रायफलींत दिसतो. बोल्ट वेगाने बंद होताना सुटी पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊन प्रायमरला टोचते; प्रायमर मऊ असेल तर चाप न ओढताच बार होतो. एम-१६ रायफलच्या सुरुवातीच्या काळात हा धोका दिसल्यावर पिनेचे वजन कमी केले गेले. न उडणारा आणि नको तेव्हा उडणारा, अशा दोन टोकांमध्ये प्रायमरच्या पत्र्याची जाडी ठरवावी लागते.

आणि बार फुकट गेलाच, तर बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबायचे. उशिरा उडणाऱ्या बाराने घाई करणाऱ्यांना केलेल्या जखमांतून आलेला हा नियम यादीत सर्वांत ठळक छापतात.

या सर्व तपासांत कामी आलेली रीत एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तशीच ठेवायची, आणि मग पाहायचे. बिनधुराची दारू आली तेव्हा दारू बदलली, चिकटा गेला, धुण्याची रीत गेली; तिन्ही बदल एकाच वेळी झाले आणि म्हणून चोर सापडायला पंचवीस-तीस वर्षे लागली. माझा विद्यार्थी पुंगळी, दारू, प्रायमर आणि गोळी असे सगळे एकदम बदलून ‘आता का उडत नाही?’ असे विचारतो, तेव्हा मी त्याला हीच हकीकत सांगतो.

यादी अजून पुरी झालेली नाही. लेड स्टिफ्नेटने पारा आणि मीठ दोन्ही घालवले. त्याच्या नावातच असलेले शिसे मात्र प्रत्येक बारागणिक हवेत मिसळते. बंदिस्त सभागृहात रोज सराव करणारे नेमबाज आणि त्यांचे प्रशिक्षक ती हवा तासन्‌तास श्वासात घेतात. म्हणून शिसे नसलेले प्रायमर तयार होऊ लागले आहेत आणि त्यांची कसोटी लागते आहे ती जुन्याच प्रश्नांवर: कडाक्याच्या थंडीत पेटतील का, वर्षानुवर्षे साठवणीत टिकतील का, ओल सोसतील का. त्यांच्या खोड्या हळूहळू उघड होतील. त्या वेळी सरावगृहात कोणाचा बार फुकट गेला, तर त्याने पहिला संशय नव्या पाहुण्यावर घेण्याआधी स्प्रिंग, खळगा आणि आपले तेलकट बोट एकदा तपासून पाहावे.